कारभाऱ्याच्या काठीला वेसण

रायभान कारभाऱ्याची काठी जिथे रोवली जाई, तिथे त्या दिवशी मेंढरं बसत. एवढा एकच कायदा होता आणि तो कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता. देवगाव फाट्याजवळच्या वस्तीवरची चार घरं दिवाळी झाली की तीनशे मेंढरं घेऊन निघत, हळूहळू पेडगावच्या शिवारात येत आणि पेरणीच्या तोंडावर परत फिरत. कुणाच्या रानात मुक्काम करायचा, कधी हलायचं, कुठला मेंढा राखायचा आणि कुठला बाजार दाखवायचा, हे सगळं रायभान ठरवी. शेतकऱ्याला लेंडीखत मिळे, मेंढरवाल्यांना दोन-चार पायल्या ज्वारी. बाकीच्यांनी फक्त काठीकडे बघायचं आणि तिच्याभोवती जाळीची वाघर ताणायची.

ही काठी त्याच्याकडे आली थोरल्या भावाच्या माघारी. भाऊ गेला तेव्हा भावजय कासाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली होती, "आता तुमीच बघा भाऊजी." बाई दुःखात बोलली, रायभाननं तो राज्याभिषेक समजला.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत "कामून?" म्हणजे ‘का?’ असं विचारायची हिंमत एकट्या चंद्रभाननं केली, तीही एकदाच. चंद्रभान त्याचा धाकटा भाऊ. "दादा, हितंच कामून?" एवढंच तो म्हणाला होता. रायभाननं काठी उपटली, दोन शेतं पलीकडच्या खडकाळ माळावर नेऊन रोवली आणि त्या रात्री चारही घरं दगडांवर कूस बदलत पडली. स्वतः रायभानची पाठ चार दिवस धरली होती, पण ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. आजारी कोकराला मांडीवर घेऊन बसणारा तो होता. पण ‘हम करे सो कायदा’ ही चव एकदा जिभेला लागली की चांगल्या माणसालाही ती सुटत नाही.

यंदा त्याच्या बायकोचे, सुमनबाईचे, गुडघे धरले म्हणून तळावर सून आली. बबिता तिचं नाव. नवरा परभणीत रिक्षा चालवायचा आणि ही मेंढरांमागे चालता चालता बी.ए. करत होती. मे महिन्यात परीक्षा. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नसे, त्यामुळे ती जे वाचायची ते चारही घरांच्या डोक्यात आपोआप शिरायचं.

होळीच्या आधीची गोष्ट. दुपारी बाभळीखाली सगळे टेकले होते आणि बबिता वाचत होती, "सन बाराशे पंधरा मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाला त्याच्या सरदारांनी नदीकाठच्या एका कुरणात गाठले आणि सनदेवर शिक्का उमटवण्यास भाग पाडले."

‘कुरण’ म्हटल्यावर रायभाननं डोळे उघडले. "कुरणात? मेंढरं होती का तिथं?"

"ते न्हाई दिलेलं, मामा."

"मंग काय लिव्हलं होतं त्या सनदेत?"

"राजालाबी कायदा लागू हाय म्हणून. मनाला यील तसं कुणाला धरायचं न्हाई, मनाला यील तसा कर लावायचा न्हाई."

रायभान पोट धरून हसला. "राजाला कायदा? आगं, आपलीच वेसण आपल्याच नाकात कोण घालून घेतंय? आमच्या आज्यानं निजाम पाहिला होता, डोळ्यानं. कुणाची माय व्याली होती का त्याला शिक्का मार म्हणायची?"

"मंग त्या निजामाचं काय झालं पुढं?" बबितानं विचारलं.

रायभान थोडा वेळ बाभळीच्या शेंगा मोजत राहिला. "ते येगळं," तो म्हणाला आणि टोपी तोंडावर ओढून आडवा झाला.

होळी झाली आणि दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. पेडगावचे दिनकरराव हे मोठे जमीनदार. त्यांनी रायभानला घरी बोलावलं, खुर्चीवर बसवलं, कपबशीत चहा दिला, वर टॉवेल-टोपी केली. "कारभारी, तुमी म्हणजे राजा माणूस," ते म्हणाले. "तुमी एकदा काठी रोवली की झालं. आमच्या वरच्या रानात बसवा की मेंढरं." रायभान परत निघाला तेव्हा टोपीवर टोपी होती आणि पाय जमिनीला लागत नव्हते.

वरच्या रानात ज्वारीची धसकटं उभी होती. पावसानं त्यांना बुडातून कोवळे हिरवे फुटवे आले होते. असे फुटवे मेंढराच्या पोटात गेले की विष होतं. त्याला किराळ लागणं म्हणतात आणि मेंढरं राखणाऱ्याच्या पोराला दुधाच्या दातांआधी ते कळतं. रायभानलाही ते कळत होतंच. पण त्या दिवशी तो खाली बघत नव्हता.

कासाबाई बांधावरच थांबली. "भाऊजी, धसकटाला फुटवे दिसायलेत. किराळ लागंल."

"काठी रोवली," रायभान म्हणाला.

दिवस मावळायच्या आत सात मेंढरं थरथरत खाली बसली. मग एकच धावपळ झाली. चंद्रभाननं ओरडत कळप बाहेर काढला, बबितानं गुळाचं पाणी कालवलं, रायभान स्वतः एकेका मेंढराचा जबडा उघडून ते पाजत सुटला. पाच उठली. दोन उठली नाहीत. दोन्ही मेंढ्या कासाबाईच्या होत्या आणि त्यातली एक गाभण होती. कासाबाई रडली नाही, ओरडलीही नाही. ती त्या गाभण मेंढीच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली, आणि रायभानला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही घरांनी आपापली मेंढरं वेगळी करायला घेतली. चंद्रभान, कासाबाई आणि चौथ्या घरचा नागनाथ. नागनाथ म्हणजे सोयऱ्यातला, मुलखाचा आळशी माणूस. तोसुद्धा भल्या सकाळी उठला होता, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते ओळखा.

रायभाननं मनात मोजलं. तिघं गेले तर त्याच्यापाशी उरणार होती त्याची स्वतःची पन्नास मेंढरं आणि एक सून. पन्नास मेंढरांचा कसला कारभारी? गावोगावचे लोक त्याला ‘कारभारी, या’ म्हणायचे ते काठीमुळे. ती गेली तर तो नुसता एक म्हातारा होता, आणि म्हाताऱ्यांना कुणी खुर्ची देत नाही.

"काय पायजे तुमाला?" त्यानं विचारलं. आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण तो चढला नाही.

चंद्रभान आणि नागनाथ एकमेकांकडे बघू लागले. बंड करताना पुढचं ठरवायचं राहून गेलं होतं. बोलली ती कासाबाई. "काठी तुमच्याच हाती ऱ्हाऊ द्या. पण रोवायच्या आधी चारी घरांना इचारायचं. एकाचीबी न्हाई आली, तर रोवायची न्हाई."

"एका माणसानं न्हाई म्हणलं तरी?"

"ज्याचं मेंढरू मरतंय त्यो एकटाच असतोय, भाऊजी."

रायभाननं सुनेला लिहायला सांगितलं. बबितानं वहीचं मागचं पान फाडलं आणि लिहून काढलं. अंगठा उठवायला शाई नव्हती, म्हणून मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा हिरवा रंग आणला. कारभाऱ्यानं अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. तो रंग पावसाळ्यातही मेंढरावरून निघत नाही, तिथे माणसाच्या कातड्यावरून काय निघणार? पुढचे पंधरा दिवस चहाच्या टपरीवर जो तो विचारी, "कारभारी, तुमाला कुणाच्या कळपात घातलं?"

हे सहन होण्यासारखं नव्हतं. आठवड्याच्या आत रायभान ‘मेंढरांचं औषध आणतो’ म्हणून एसटीत बसला आणि देवगाव फाट्याला उतरून थेट खंडोबाच्या भगताकडे गेला. दत्तराव भगत त्याचा जुना ओळखीचा. रायभाननं नारळ ठेवला आणि घडलेलं सांगितलं, म्हणजे त्याच्या बाजूचं तेवढं सांगितलं.

"अंगठा राजीखुशीनं दिला का जबरदस्तीनं?" भगतानं विचारलं.

"शंभर टक्के जबरदस्ती."

भगतानं भंडारा उधळला, डोळे मिटले, उघडले. "देवाला मंजूर न्हाई. तो कागद रद्द."

रायभान अर्धा नारळ प्रसाद म्हणून घेऊन तळावर आला तो छाती काढून. कागद रद्द झाल्याचं आल्या आल्या जाहीर करायचं असा बेत होता. पण तीन दगडांच्या चुलीपाशी बबिता भाकरी थापता थापता वाचत होती, "राजाने लगेच पोपकडे धाव घेतली आणि सनद जबरदस्तीने लिहून घेतली आहे, असे सांगून ती रद्द करवून आणली."

रायभान जागच्या जागी थिजला. "पोप कोण?"

"त्यांच्या देवाचा सगळ्यात मोठा माणूस, मामा."

"म्हणजे भगत?"

"भगतच म्हणा."

रायभानला वाटलं ही पोरगी आपल्या मागे एसटीत बसली होती. पण तिच्या हाताला पीठ होतं आणि पुस्तक चांगलं छापील दिसत होतं. "मंग पुढं?" त्यानं जपून विचारलं.

"पुढं सरदारांनी तलवारी काढल्या. लढाई जुंपली. आन वरीसभरात राजा जुलाबानं मेला."

"जुलाबानं?"

"तसंच दिलंय. आन सनद परत लागू झाली. पुढं चारशे वर्सांनी दुसऱ्या एका राजानं लय मनमानी केली, तर त्याची मुंडीच उडवली. मंग त्याच्यापुढच्या राजांनी निमूट लिहून दिलं, की आमी कायदा पाळू."

कासाबाई मेंढ्यांना पाणी दाखवून येत होती. तिनं रायभानच्या हातातला नारळ बघितला. "कशाचा परसाद, भाऊजी?"

"कशाचा म्हंजे? असाच. वाटंत देव लागला," रायभान म्हणाला आणि भराभर सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवून मोकळा झाला. त्या रात्री त्याच्या पोटात खरंच गुरगुरलं. खोबरं कच्चं होतं, एवढंच कारण. पण तो मनातून चांगलाच टरकला होता. भगताच्या निकालाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

कागद पाळायला सुरुवात झाली आणि लक्षात आलं की कायद्याचा जाच राजापेक्षा प्रजेलाच जास्त. नागनाथला ‘न्हाई’ म्हणायची चटक लागली. सगळ्या जन्मात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आता रोज विचारलं जात होतं. हे रान नको, इथून टपरी लांब. ते नको, तिथं विहिरीचं पाणी मचूळ. एक दिवस तर सगळी रानं नाकारून झाली आणि कळप अंधार पडेपर्यंत डांबरी रस्त्यावर उभा होता. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी चारही घरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रायभान गालात हसत होता. त्याला वाटलं, आता हे लोक हात जोडून येतील.

ते आले, पण हात न जोडता, ‘आता यातून वाट काढा’ म्हणत. मग रायभाननंच वैतागून तोंड उघडलं. "न्हाई म्हणायचा हक हाय तर म्हणा बाबा. पण कामून न्हाई, ते सांगावं लागंल. आन पटण्यासारखं सांगावं लागंल. हेबी लिव्ह गं बबिता."

बबितानं लिहिलं आणि पेन्सिल थांबवून म्हणाली, "मामा, मंग हे तुमालाबी लागू. काठी कामून रोवायलाव ते सांगावं लागंल."

ज्या माणसानं ‘कामून’ या एका शब्दापायी चार घरं दगडांवर झोपवली होती, त्यानं आपणच पुढे केलेल्या कलमाखाली पुन्हा हिरवा अंगठा उठवला. आधीचा रंग नुकता उडत आला होता.

असं करत करत कागद भरत गेला. रायभाननं न विचारता चंद्रभानचा मेंढा एका पाहुण्याला देऊन टाकायचा घाट घातला, तेव्हा एक कलम वाढलं. बोलणाऱ्यावर काठी उगारली, तेव्हा आणखी एक. चैत्र संपेस्तोवर पानाची मागची बाजूही भरली आणि बबिताला वहीचं दुसरं पान फाडावं लागलं. रायभान रोज सकाळी कुरकुर करी. पण एक गोष्ट तो कुणाला सांगत नव्हता. कारण सांगावं लागतं म्हणून तो आता आधी रान नीट बघून यायचा, माती हातात घ्यायचा, पाणी चाखायचा. आणि त्याला रात्री झोप चांगली लागत होती.

वैशाखात दिनकरराव मोटारसायकलवरून स्वतः तळावर आले. सगळी घरं नेमकी तिथेच होती. "कारभारी, खालच्या रानात बसवा. चार पायल्या द्यायचो ना? आठ देतो. आजच या."

सगळे गाडीमागोमाग खालच्या रानाच्या बांधापर्यंत गेले. रान वरून खडखडीत वाळलेलं दिसत होतं. रायभाननं रीतसर विचारलं. चंद्रभान म्हणाला, हो. आठ पायल्या ऐकून नागनाथनं तर दोनदा हो म्हटलं. कासाबाईनं स्वतःची ‘नाही’ दिली, "मपली न्हाई."

"कामून?" रायभाननं कलमाप्रमाणे विचारलं.

"पलीकडं कॅनॉलचं पाणी सुटलंय. वल इकडं झिरपली असंल. वल आली की फुटवा येतोय."

"कुठंय फुटवा?" दिनकरराव हसले. "सगळं वाळून कोळ झालंय. कारभारी, तुमी बाईमाणसाला इचारून काठी रोवायलाव व्हय? गावात बोलायलेत लोकं, मी इश्वास ठिवला न्हाई. तुमी राजा माणूस ना?"

रायभानचे कान तापले. हेच ऐकायची त्याला भीती होती आणि ते भर बांधावर, चारचौघांत ऐकायला लागलं. आणि तेवढ्यात चंद्रभान पुढे सरकून हळूच म्हणाला, "दादा, आठ पायल्या हायत. कागद गेला उडत. तुमी रोवा, आमी दोघं काय बोलत न्हाई. पहिल्यासारखं."

पहिल्यासारखं. दोन महिने रायभान ज्याची वाट बघत होता ते हे होतं. ना लढाई, ना भगत. ज्यांनी वेसण घातली तेच ती सोडून हातात देत होते. काठी एकदा जमिनीत गेली की तो पुन्हा पहिला कारभारी. त्यानं ती उचललीसुद्धा. दिनकररावांच्या मिशीत हसू पसरलं.

कासाबाई आडवी आली नाही. तिनं फक्त विचारलं, "मपलं कारण मी सांगितलं. तुमचं काय म्हणणं हाय, भाऊजी?"

रायभान थांबला. गेल्या दोन महिन्यांत तो रोज सगळ्यांना विचारत होता, काठीची कारणंही सांगत होता, पण ‘तुमचं म्हणणं काय’ असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या आधीच्या अकरा वर्षांत तर नाहीच. हुकूम सोडायला म्हणणं लागत नाही. हे रान त्यानं अजून पायाखाली घातलं नव्हतं, त्यामुळे आपलं म्हणणं काय आहे, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

त्यानं काठी चंद्रभानच्या हातात दिली आणि तो बांध उतरून रानात गेला. मधलं रान कोरडं होतं. पलीकडच्या बांधापाशी तो गुडघ्यावर बसला, वाळलेली पानं बाजूला सारली आणि धसकटाच्या बुडाशी बोट घातलं. माती थंड लागली. बोटभर कोवळा, पोपटी फुटवा वर आला. त्याच्या शेजारी दुसरा होता, आणि पुढे सगळी ओळच्या ओळ.

तो फुटवे मुठीत घेऊन आला आणि दिनकररावांच्या गाडीच्या सीटवर ठेवले. "न्हाई जमायचं, मालक. एक घर न्हाई म्हणायलंय, आन कारण खरं हाय. आता दोन घरं झाली म्हणा."

"म्हंजे राजा कोण हाय तुमच्यात?"

"हाय की मीच," रायभान म्हणाला. "पण इचारून."

दिनकररावांनी किक मारली ती रागानंच. नागनाथ जाणाऱ्या आठ पायल्यांकडे धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिला. चंद्रभाननं मान खाली घालून काठी परत केली, पण रायभाननं ती लगेच घेतली नाही. त्याच्या बोटांना अजून ओली माती होती. ज्या कामाला आता पाच मिनिटं लागली, तेवढंच काम होळीच्या वेळी वरच्या रानात करायचं होतं. तेवढं वाकायचं होतं फक्त. टोपी पडेल म्हणून तो वाकला नव्हता.

"वयनी," तो म्हणाला. पुढचा शब्द त्यानं आयुष्यात कुणासमोर काढला नव्हता, म्हणून तो यायला वेळ लागला. "तव्हा मपलं चुकलं."

कासाबाईनं त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. "व्हय, चुकलंच होतं," ती म्हणाली. "गाभण होती ती."

"हाय ध्यानात."

"ध्यानात ऱ्हाऊ द्या," कासाबाई म्हणाली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मेंढरांना हाळी दिली.